मांजरांना दिली जाणारी गुंगीची औषधे : परिणाम व घ्यावयाची काळजी

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पशुवैद्यकाचे भाषण म्हटले की गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या हेच विषय आपल्या कानावर येतात. आज मी मांजराविषयी बोलणार आहे. काहींना याचे हसू येईल. परंतु ज्यांच्या घरात ज्वारी-गव्हाची पोती थप्पीला लागलेली असतात, बियाण्याची पिशवी खुंटीला टांगलेली असते आणि पेंडेची गोणी गोठ्याच्या कोपऱ्यात असते, त्यांना मांजराचे मोल सांगावे लागत नाही. मांजर दूध देत नाही, ओझे ओढत नाही. पण रात्रभर जागून उंदरांवर पहारा ठेवते आणि त्याचा पगार मागत नाही.

पूर्वी मांजर आजारी पडले की आपण ते नशिबावर सोडून देत होतो. आता तसे राहिलेले नाही. कुत्र्याने फाडलेले, तारेच्या कुंपणात पाय अडकलेले मांजर लोक दवाखान्यात आणतात. वर्षातून दोन-तीन वेळा विणाऱ्या मांजरीचे पिले न होण्याचे ऑपरेशन करून घेणारेही पुष्कळ आहेत, आणि ते योग्यच आहे. ऑपरेशन झालेली मांजरी उंदीर धरायचे सोडत नाही, ही शंका मनातून काढून टाकावी. या सर्व कामांसाठी डॉक्टरांना मांजराला गुंगीचे औषध द्यावे लागते. औषध डॉक्टर देतात. पण त्यानंतरचे कित्येक तास मांजर तुमच्या घरात, तुमच्या नजरेखाली असते. आजचे बोलणे त्या तासांसाठी आहे.

सुरुवातीलाच मुद्द्याची गोष्ट सांगतो. गुंगीचे औषध मांजराला फक्त शांत करते असे नाही. अंगाची ऊब टिकवणे, उलटी आली तर घसा सांभाळणे, डोळ्यांची उघडझाप करणे, धोका दिसला की बाजूला होणे, ही स्वतःच्या रक्षणाची कामे मांजर एरवी आपली आपण करते. गुंगीत ती कामे मंदावतात किंवा बंद पडतात. मांजर नीट चालू लागेपर्यंत ती कामे आपल्याकडे आलेली असतात.

झोप, गुंगी आणि भूल

या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. झोपलेल्या मांजराजवळ भांडे पडले तर ते उडी मारून उठते. गुंगीतले मांजर आवाज ऐकते, काही वेळा घाबरतेही, पण त्याचे पाय ऐकत नाहीत. पूर्ण भूल दिलेल्या मांजराला वेदना आणि भान दोन्ही नसतात.

पशुवैद्यकात वापरले जाणारे असेप्रोमाझिन हे औषध याचे चांगले उदाहरण आहे. ते जनावराला सुस्त करते, परंतु वेदना कमी करीत नाही. म्हणून मांजर गप्प पडून आहे यावरून त्याला दुखत नाही असे समजू नये. टाके घालायचे असतील तर वेदनाशामक दिले आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. असा प्रश्न विचारल्याने कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही.

शरीरावर होणारे परिणाम

पहिला परिणाम अंगाच्या उष्णतेवर होतो. निरोगी मांजराचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे जास्त. मांजराचा देह लहान असल्याने त्याची ऊब लवकर निघून जाते. त्यातच गुंगीमुळे थंडी वाजून कापणे मंदावते आणि हालचालही थांबते. असेप्रोमाझिनसारख्या औषधाने रक्तवाहिन्या सैल पडून उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते. कोंबडीच्या पिलांना पहिले काही दिवस बल्बखाली का ठेवावे लागते हे आपण जाणता. गुंगीतल्या मांजराची अवस्था त्या पिलांसारखीच असते. अंग थंड पडले की औषध शरीराबाहेर पडायला वेळ लागतो, आणि गुंगी लांबली की अंग आणखी थंड पडते.

दुसरा परिणाम हृदय आणि श्वास यांवर होतो. शांत बसलेले मांजर मिनिटाला साधारण २० ते ३० वेळा श्वास घेते. गुंगीत ही संख्या कमी होते. काही औषधांनी हृदयाचे ठोकेही बरेच मंद होतात.

तिसरा परिणाम घसा आणि पोट यांवर होतो. काही औषधांनी मांजराला हमखास उलटी येते. जागे मांजर मान खाली घालून ओकते. गुंगीतल्या मांजराची उलटी श्वासनळीत उतरू शकते, आणि मग एक तर ते जागीच गुदमरते किंवा दोन-तीन दिवसांनी फुप्फुसाच्या आजाराने दगावते.

चौथा परिणाम डोळ्यांवर दिसतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा पुढे येतो. त्याला तिसरी पापणी म्हणतात. गुंगीत ती दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. औषध उतरले की ती मागे जाते.

नेहमीची औषधे

झायलाझिन हे नाव पशुपालकांच्या ओळखीचे असेल. शिंगे काढताना किंवा खुरांचे काम करताना गाई-बैलांना ते देतात. जर्मनीत १९६२ साली हे औषध माणसांचा रक्तदाब उतरवण्यासाठी तयार केले गेले. परंतु माणसांत त्याची गुंगी फार येऊ लागली आणि ते जनावरांच्या कामासाठी वापरात आले. मांजराला हे औषध टोचल्यावर काही मिनिटांत बहुधा उलटी होते. हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तातील साखर वाढते आणि लघवी जास्त होते. मांजर पडल्या जागी लघवी करते, अंथरूण भिजते आणि ओल्या अंथरुणाने अंग आणखी थंड पडते.

या औषधाची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रत्येक जातीच्या जनावराला त्याची मात्रा अगदी वेगळी लागते. घोड्याला वजनाच्या मानाने जेवढे लागते, त्याच्या साधारण दहाव्या भागात गाय खाली बसते. शिवाय बाजारात एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम आणि १०० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या तीव्रतेच्या बाटल्या असतात. तीन किलोच्या मांजराची मात्रा थेंबांत मोजावी लागते. तेव्हा गोठ्यात उरलेल्या बाटलीतले औषध अंदाजाने मांजराला टोचण्याचा विचारही करू नये. झायलाझिनचा असर उतरवणारी औषधे डॉक्टरांकडे असू शकतात. आपल्या घरात ती नसतात.

दुसरे औषध केटामाइन. हेही १९६२ सालचेच, अमेरिकेत तयार झालेले. मांजरांच्या ऑपरेशनसाठी ते फार वापरले जाते आणि बहुतेक वेळा झायलाझिन किंवा डायझेपाम यांच्या जोडीने दिले जाते. या औषधाखाली मांजराचे डोळे उघडेच राहतात, बाहुल्या मोठ्या होतात, अंग ताठ होते, तोंडातून लाळ येते. पाहणाऱ्याला वाटते की मांजर जागे आहे किंवा मेले आहे. या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. पापणी लवत नसल्यामुळे बुबुळ कोरडे पडते आणि त्यावर जखम होऊ शकते. म्हणून डॉक्टर डोळ्यांत मलम घालतात. ते पुसून टाकू नये. मळणी चालू असलेल्या खळ्याजवळ किंवा भुसा उडत असेल तेथे असे मांजर ठेवू नये.

केटामाइन उतरताना मांजर विचित्र वागते. डोके झुलवते, हवेत पंजे मारते, ओरडते, साध्या आवाजाने दचकते. त्याला भूत लागलेले नसते किंवा ते पिसाळलेलेही नसते. मेंदूचे निरनिराळे भाग मागे-पुढे जागे होत असतात. अशा वेळी अंधार आणि शांतता हाच उपाय आहे. मांजराचे मूत्रपिंड अधू असेल तर हे औषध जास्त काळ अंगात राहते. मांजर फार पाणी पीत असेल, खूप मुतत असेल किंवा रोडावत चालले असेल, तर हे आधीच डॉक्टरांच्या कानावर घालावे.

अफूपासून निघणाऱ्या मॉर्फिनचेही असेच आहे. माणसाला आणि कुत्र्याला त्याने गुंगी येते व डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. मांजराच्या बाहुल्या उलट मोठ्या होतात आणि मात्रा जास्त झाली तर ते खवळून धावू लागते. डॉक्टर मोजक्या मात्रेत ते वेदनेसाठी वापरतात. मात्र माणसाला किंवा कुत्र्याला जे मानवते ते मांजराला मानवेलच असे नाही, हा धडा यातून घ्यावा.

घरातील गोळ्या देऊ नका

नवीन घरी न्यायचे आहे, मांजर गाडीत ओरडते, रात्री बोका झोपू देत नाही, अशा कारणांनी काही जण घरातली झोपेची गोळी मोडून दुधात घालतात. ही चूक जीवावर बेतू शकते.

मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे आणि त्याचे यकृत आपल्या यकृतासारखे काम करीत नाही. आपले यकृत कित्येक औषधांना एक विशिष्ट जोड लावून ती लघवीवाटे बाहेर काढते. ही जोड लावणारे एक महत्त्वाचे विकर मांजरात निकामी असते. त्यामुळे औषध अंगात साचून राहते किंवा त्याचे विष बनते.

डायझेपामची गोळी माणसांसाठी नेहमीची आहे. १९९६ साली अमेरिकेतील पशुवैद्यकांनी, तोंडावाटे डायझेपाम दिल्यानंतर यकृत अचानक निकामी झालेल्या ११ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. मात्रा नेहमीचीच होती. सर्व मांजरांना असे होत नाही, पण कोणत्या मांजराला होईल हे आधी सांगता येत नाही. याच जातीच्या झोपेच्या इतर गोळ्यांनी काही मांजरे शांत होण्याऐवजी बेफाम होतात.

सर्दीचे पातळ औषध पाजले की मूल झोपते, म्हणून ते मांजरालाही पाजले जाते. अशा कित्येक औषधांत पॅरासिटामॉल असते. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. तिने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात. मांजर मलूल होते आणि औषधाने झोपले आहे असे समजून घरचे निश्चिंत राहतात. तोपर्यंत उपचाराची वेळ निघून जाते. चुकून असे औषध पोटात गेले असेल तर वाट न पाहता, औषधाचे पाकीट बरोबर घेऊन, डॉक्टरांकडे जावे. यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो.

दारू किंवा भांग पाजून गंमत पाहणारेही आढळतात. त्यात गंमत काही नाही. तोल जातो, अंग थंड पडते, श्वास मंदावतो. लहान देहाला हे झेपत नाही.

उंदरांचे औषध आणि मांजर

गुंगीने अंग कसे थंड पडते याचा दाखला युरोपात पाहायला मिळाला. तेथे अल्फा-क्लोरालोज नावाचे औषध उंदीर मारण्यासाठी विकले जात होते. हे मुळात गुंगीचेच औषध आहे. उंदराचा देह इवलासा असल्याने तो गुंगीत गारठून मरतो. २०१९ च्या सुमारास स्वीडन आणि फिनलंडमध्ये असे उंदीर किंवा त्यांचे आमिष खाल्लेली अनेक मांजरे दवाखान्यात येऊ लागली. ती झोकांड्या खात होती, स्पर्श केला की त्यांच्या अंगाला झटके येत होते आणि अंग थंडगार पडले होते. ज्यांना वेळेवर ऊब आणि शुश्रूषा मिळाली त्यांतील बहुतेक वाचली. उताऱ्याचे औषध नसतानाही केवळ ऊब आणि देखरेख यांनी जीव वाचतो, हे त्यावरून दिसून आले.

आपल्याकडे झिंक फॉस्फाइड, ब्रोमाडिओलोन यांसारखी उंदीरनाशके वापरली जातात. त्यांचे परिणाम निराळे आहेत. परंतु कोणतेही औषध दिलेले नसताना मांजर एकाएकी सुस्त झाले, झोकांड्या खाऊ लागले, लाळ गाळू लागले, तर ती विषबाधा समजून त्वरित दवाखाना गाठावा. झोपू दे, उठेल सकाळी, असे म्हणू नये.

दवाखान्यात नेण्यापूर्वी

उपाशी कसे न्यायचे म्हणून निघताना वाटीभर दूध पाजण्याची आपल्याकडे रीत आहे. माया म्हणून ते ठीक दिसते, पण पोटातले तेच दूध उलटीबरोबर श्वासनळीत जाण्याची भीती असते. किती तास उपाशी ठेवायचे हे डॉक्टर सांगतील तसे पाळावे. लहान पिलांना फार वेळ उपाशी ठेवू नये. त्यांची साखर लवकर उतरते.

मांजर पोत्यात कोंबून नेऊ नये. त्यात ते घुसमटते आणि अतिशय घाबरते. घाबरलेल्या मांजरावर गुंगीचे औषध नीट लागू पडत नाही, मग मात्रा वाढवावी लागते आणि धोकाही वाढतो. टोमॅटो भरण्याचे प्लॅस्टिकचे दोन कॅरेट तोंडाला तोंड लावून दोरीने बांधले तर उत्तम पेटी तयार होते. आत घरातले जुने कापड घालावे, वरून गोणपाट टाकून अंधार करावा. मांजर लवकर शांत होते. मोटारसायकलवर नेताना पेटी घट्ट बांधावी.

वय, गाभण असणे, पिलांना पाजत असणे, आधीचे आजार, चालू असलेली औषधे ही सर्व माहिती न विचारताही डॉक्टरांना द्यावी. वजन करून घेण्याचा आग्रह धरावा. धान्य तोलायच्या काट्यावरही हे काम होते.

घरी आणल्यानंतर

पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

१) मांजर एका कुशीवर, मान सरळ ठेवून निजवावे. तोंडाखाली कापड ठेवावे. लाळ साचली तर पुसावी. दर अर्ध्या तासाने कूस बदलावी.

२) जागा जमिनीलगतची, अंधारी, वारा न लागणारी असावी. माळा, खाट, चूल, विहीर, हौद यांपासून दूर असावी. अर्धवट शुद्धीत मांजर उंच चढू पाहते आणि कोसळते.

३) गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पाठीशी ठेवावी. उघडी बाटली किंवा अगदी जवळचा बल्ब नको. चटका बसला तरी गुंगीतल्या मांजराला बाजूला होता येत नाही.

४) अंथरूण भिजले की लगेच बदलावे.

५) डोके स्थिर धरून, न झोकांडता चालू लागेपर्यंत तोंडात काहीही घालू नये. पाण्याची वाटीही जवळ ठेवू नये. तोंड पाण्यात पडले तर तेवढ्या पाण्यातही मांजर गुदमरते.

६) बरगड्यांची वर-खाली होणारी हालचाल घड्याळ लावून मोजावी. मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास, निळ्या किंवा पांढऱ्या फटक हिरड्या, बर्फासारखे अंग, वारंवार उलटी, किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेत शुद्ध न येणे, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना त्वरित कळवावे.

७) घरातील दुसरी मांजरे आणि कुत्रे वेगळे ठेवावे. दवाखान्याच्या वासामुळे सोबतची मांजरे त्याला ओळखत नाहीत आणि अंगावर धावून जातात. गुंगीतल्या मांजराला पळता येत नाही.

८) पिले असलेली मांजरी पूर्ण शुद्धीवर आल्यावरच पिले तिच्याजवळ सोडावीत. गुंगीत ती पिलांवर पडू शकते.

९) मुलांना लांब ठेवावे. एरवी मायाळू असलेले मांजर या वेळी भान नसल्याने चावू किंवा ओरबाडू शकते. चावलेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन दवाखान्यात जावे.

बहुतेक मांजरे काही तासांत उठून बसतात. पण तोल आणि समज पूर्ववत यायला दुसरा दिवस उजाडू शकतो. तोपर्यंत त्याला रात्री बाहेर सोडू नये. अर्धवट शुद्धीतले मांजर कुत्र्याच्या किंवा वाहनाच्या तडाख्यात सापडू शकते. दुसऱ्या दिवशीही अन्नाला तोंड लावले नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

बंधू-भगिनींनो, गुंगीच्या औषधांना भिण्याचे कारण नाही. त्यांच्यामुळेच जखमा वेदनेविना शिवता येतात, मोडलेले हाड बसवता येते आणि नको असलेली पिले उकिरड्यावर टाकण्याचे पाप टळते. औषध कोणते आणि किती हे डॉक्टरांनी ठरवावे. राखण मात्र आपण करावी. धान्याच्या थप्पीवर वर्षभर जागणाऱ्या जनावरासाठी एक रात्र आपण जागलो, तर ते फार होणार नाही.